उशिरा पाठवलेला अर्ज

(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. मी इंग्रजी शिकवणारी बाई. वर्गात पंचेचाळीस मिनिटे बोलते, पण इथे समोर सासूबाईंच्या वयाच्या आणि माझ्या विद्यार्थिनी असलेल्या अशा दोन्ही पिढ्या बसल्या आहेत, म्हणून जीभ थोडी अडखळते. विषय निवडताना मनात आले की यशाच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो. मी माझ्या फजितीची गोष्ट सांगावी. ती अधिक उपयोगाची आहे.

आपण साऱ्या कल्याणच्या पुढच्या बायका. उशीर म्हणजे काय हे आपणांस कोणी शिकवायला नको. ठाण्याची बाई गाडी चुकली तर पुढच्या गाडीने जाते; आपली बदलापूर लोकल चुकली की फलाटावर उभे राहून पुढच्या गाडीची वाट पाहायची, आणि ती आली की आत शिरायला जागा नाही. म्हणून आपण घरून दहा मिनिटे आधी निघतो. गाडीच्या बाबतीत इतक्या सावध असणाऱ्या बाया आयुष्याच्या एका बाबतीत मात्र वर्षानुवर्षे बेसावध राहतो. ती बाब म्हणजे आपले स्वतःचे कागद.

गोष्ट २०१६ ची. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवीत होते. पगार किती हे सांगत नाही, शिक्षिका मनात समजल्या असतील. मुलाची इंजिनीअरिंगची फी होती आणि घराचा हप्ता होता. पण खरे सांगायचे तर पैसा हे अर्धेच कारण. उरलेले अर्धे असे, की वीस वर्षे मी मुलांना जगाच्या गोष्टी इंग्रजीतून वाचून दाखवल्या, आणि मी स्वतः पुण्यापलीकडे फारशी गेले नव्हते.

मार्च संपता संपता माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती म्हणाली, "बाई, दक्षिण कोरियात सरकारी शाळांतून इंग्रजी शिकवायला परदेशी शिक्षक घेतात. तुम्ही का नाही अर्ज करत?" मला वाटले, पोर थट्टा करते आहे. पण तिने मोबाईलवर सारे वाचून दाखवले.

त्याआधी एक शब्द उलगडून सांगते, कारण तिथे मीही गोंधळले होते. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' अशी पाटी दिसली की आपण समजतो, भरपूर फीची खाजगी शाळा. इंग्लंडात तर जुन्या, श्रीमंतांच्या खाजगी शाळांनाच पब्लिक स्कूल म्हणत आले आहेत. पण कोरियात, जपानात, अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा, आपल्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेसारखी. तिथे शिकवायला जाणे म्हणजे त्या देशाच्या सामान्य घरातल्या मुलांना शिकवणे.

कोरियाचे सरकार या कामासाठी मुख्यतः सात देशांचे नागरिक घेत आले आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यात भारत नाही. मात्र भारत आणि कोरिया यांचा एक आर्थिक करार २००९ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. त्यात भारतीयांसाठी सहाय्यक इंग्रजी शिक्षकाची वाट ठेवली आहे. अट अशी की विद्यापीठाची पदवी हवी आणि इंग्रजी शिकवण्याचा अधिकृत दाखलाही हवा. माझी बी.ए. इंग्रजीची, आणि बी.एड. झालेले. म्हणजे दार किलकिले का होईना, उघडे होते.

आपल्या माणसांनी परदेशच्या सरकारी शाळांत शिकवणे हे काही नवे नाही. इथियोपियाचा बादशहा हेले सेलासी १९५६ मध्ये भारतात येऊन गेला. त्या काळात आणि पुढेही त्या देशाच्या शाळांतून भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने शिकवीत होते, केरळचे तर विशेष. पुढे नायजेरियातही आपले शिक्षक गेले. भूतानात नव्या शाळा उघडल्या तेव्हा त्या आपल्याच देशातून गेलेल्या मास्तरांनी चालवल्या. आणि घर सोडून दूर जाण्याचे म्हणाल, तर आनंदीबाई जोशी आपल्या शेजारच्याच. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेली ही मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसून अमेरिकेला निघाली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तीही एका रात्रीत निघाली नव्हती. गोपाळरावांचे पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले, ते कार्पेंटरबाईंनी वाचले, त्यांची पत्रे सुरू झाली, आणि त्यानंतर प्रयाण होईपर्यंत काही वर्षे तयारीत गेली.

माझी तयारी किती होती, ते आता ऐका.

मी रात्री जेवणे आटोपल्यावर यादी घेऊन बसले. पहिला कागद, पदवीचे प्रमाणपत्र. कपाट उघडले. गुणपत्रिका होत्या, तिन्ही वर्षांच्या, प्लास्टिकमध्ये घातलेल्या. पदवीचे प्रमाणपत्र नव्हते. हरवले नव्हते, मी ते कधी आणलेच नव्हते! निकाल लागला त्या उन्हाळ्यात लग्न ठरले. पदवीदान समारंभाचा अर्ज करायचा, फी भरायची, हे कोणाच्या ध्यानात आले नाही, माझ्याही नाही. वीस वर्षे मी स्वतःला पदवीधर म्हणवीत होते आणि पदवी विद्यापीठात पडून होती. हसू नका, मैत्रिणींनो. घरी गेल्यावर आपापले कपाट उघडून पाहा, मग हसा.

दुसरी गोष्ट नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. या दोन बाया एकच आहेत याला पुरावा काय? विवाह नोंदणीचा दाखला. तोही नव्हता. आमचे लग्न कार्यालयात झाले, पाचशे माणसे जेवली, पण नगरपालिकेत नोंद करायला कोणी गेले नाही. आता नोंदणीला गेलो तर लग्नपत्रिका हवी, फोटो हवा, साक्षीदार हवेत आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही हवी. गुरुजी वारलेले. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले. लग्नपत्रिका वीस वर्षांनी कुठून आणायची, या विचाराने मी रडकुंडीला आले होते.

तेव्हा सासूबाई उठल्या. त्या फारशा बोलत नसत. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, तळाशी हात घातला आणि एक पत्रिका काढून माझ्या हातात दिली. कोपऱ्यांना लावलेले हळदकुंकू अजून दिसत होते. म्हणाल्या, "देवापुढे ठेवलेली पहिली पत्रिका. टाकवली नाही." मी परदेशी जाण्याचे बोलले त्यावर त्यांनी होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. त्यांचे उत्तर त्या पत्रिकेत होते असे मला वाटते.

तिसरा फेरा शिक्क्यांचा. परदेशात आपला दाखला खरा मानला जावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घ्यावा लागतो, त्याला अपोस्टिल म्हणतात. १९६१ च्या हेग येथील करारात भारत सामील झाला आणि २००५ पासून आपल्याकडे ही सोय आहे. पण शिक्षणाच्या दाखल्याला आधी राज्य सरकारच्या शिक्षण खात्याचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. एकाआधी दुसरा होत नाही. त्याशिवाय पोलिसांचा दाखला. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून काढायचा, म्हणून ठाण्याला दोन खेपा.

हे सारे हातात आले तेव्हा जून संपत आला होता. कोरियाचे दुसरे सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, त्याचे अर्ज फेब्रुवारीपासूनच घेऊ लागतात, आणि जो आधी येईल त्याचा विचार आधी होतो. मी 'अंतिम तारीख' शोधत बसले होते. जागा तारखेच्या आधीच भरतात हे मला ठाऊक नव्हते. उत्तर सभ्य होते. या सत्राच्या जागा भरल्या, पुढच्या सत्रासाठी अर्ज करावा. एवढेच.

मी ते पत्र कोणाला दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि सातवीला भूतकाळ शिकवला.

आता त्या दिवसांत माझी एक सहकारी शिक्षिका मला आधार झाली, तिच्याविषयी सांगते. ती उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली, सिंधी घरातली. तिच्याकडे एक जाड फाईल आहे. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, विवाहाची नोंद, नाव बदलल्याचे राजपत्र, सारे क्रमाने. मी विचारले, "तुला कुठे परदेशी जायचे आहे?" ती म्हणाली, "कुठेच नाही. पण आमच्या सासऱ्यांनी सांगून ठेवलंय, घर गेलं तरी कागद गेला नाही पाहिजे." ते फाळणीत सिंधमधून आलेले. मागे राहिलेल्या घरादाराची भरपाई मागायची तर कागद दाखवा, असे सांगितले जाई, आणि ज्याच्याजवळ कागद नसे त्याला साक्षीदार शोधत फिरावे लागे. १९४९ मध्ये या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. त्या छावणीतल्या बराकीत राहून म्हाताऱ्याने जे शिकले ते सुनेच्या फाईलपर्यंत पोहोचले. आम्ही मात्र, ज्यांचे काही हरवले नव्हते, ते बेफिकीर राहिलो.

मग मी विचार केला. आमच्या घरात कागद जपत नाहीत असे नाही. गावच्या जमिनीचा सातबारा आहे. सोनाराच्या पावत्या आहेत. ह्यांच्या नोकरीचा प्रत्येक कागद आहे, मुलाच्या लसीकरणाचे कार्डसुद्धा आहे. नव्हते ते फक्त माझे कागद. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. या बाईला एक दिवस स्वतःच्या नावाने कुठे उभे राहावे लागेल, असे कोणाच्या मनातच आले नाही. माझ्यासुद्धा नाही. म्हणून मी म्हणते, माझा अर्ज जून महिन्यात उशिरा गेला नाही. तो निकालाच्या उन्हाळ्यापासून उशीर करीत होता.

पुढच्या सत्राचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. कोरियाची शाळा मार्चमध्ये सुरू होते, त्याचे अर्ज आधीच्या ऑगस्टपासून. मी पहिल्याच आठवड्यात अर्ज पाठवला. मुलाखत झाली, संगणकावर, घरी बैठकीच्या खोलीत. शेजारच्या वहिनींनी तेवढा वेळ मिक्सर लावला नाही, त्यांचे उपकार आहेत. आणि काही दिवसांनी नकार आला.

वाईट वाटले, नाही कसे म्हणू? पण पहिल्या वेळेसारखे नाही. या खेपेस त्यांनी मला पाहिले, ऐकले आणि दुसऱ्या कोणाला पसंत केले. हा नकार माझ्या शिकवण्याला होता, माझ्या कपाटाला नव्हता. असा नकार माणूस सहन करू शकतो. मी गेले नाही. आजही इथेच शिकवते.

पण फाईल वाया गेली नाही. बदलापूरला माझे धाकटे दीर-जाऊ राहतात, त्यांची मुलगी २०१८ मध्ये बी.एड. झाली. निकालाच्या दिवशी तिने पेढे आणले, तेव्हा मी म्हटले, "पेढे ठेव, आधी पदवीदानाचा अर्ज भर." पोरगी रागावली होती. "काकू, तुम्हाला कौतुकच नाही," म्हणाली. पण भरला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेची जागा निघाली तेव्हा तिचा एकही कागद कमी नव्हता. ती तिथे सहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला गेली. रविवारी सकाळी तिचा फोन येतो तेव्हा मागे तिची शनिवारची रात्र असते. परवा म्हणाली, "काकू, इथली मुलंही स्पेलिंगच्या त्याच चुका करतात." मला फार बरे वाटले.

तिच्यामुळे जी माहिती झाली ती थोडक्यात सांगते. ज्यांच्या घरी मुली-सुना शिक्षिका आहेत त्यांनी ध्यानात ठेवावी.

पहिले म्हणजे प्रत्येक देशाच्या शाळेचे घड्याळ निराळे. आपली शाळा जूनमध्ये भरते म्हणून आपल्याला मे महिन्यात जाग येते. ऑस्ट्रेलियाची शाळा जानेवारीच्या अखेरीस, भूतानची फेब्रुवारीत, कोरियाची मार्चमध्ये, जपानची एप्रिलमध्ये, अमेरिका आणि इंग्लंडची ऑगस्ट-सप्टेंबरात. अर्ज त्याच्या कितीतरी महिने आधी. म्हणजे मे महिन्यात जागी झालेली बाई एका ठिकाणी उशिरा असते आणि दुसऱ्या ठिकाणी वेळेवर. एक गाडी गेली म्हणून स्टेशन बंद होत नाही.

दुसरे, कागद दोन जातींचे असतात. काही लोणच्यासारखे, एकदा घालून ठेवले की वर्षानुवर्षे टिकतात: पदवी, विवाह नोंदणी, नावाचे राजपत्र, अनुभवाचा दाखला. काही कोथिंबिरीसारखे, ताजेच लागतात: पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी. लोणचे आज घाला. कोथिंबीर आयत्या वेळी आणा. मी दोन्ही एकाच दिवशी करायला बसले, तिथे फसले.

तिसरे, अर्ज करण्यापूर्वी ती वाट आपल्यासाठी आहे का हे पाहावे. अमेरिकेची शिक्षकांसाठी जी देवाणघेवाणीची सोय आहे तिच्यात किमान दोन वर्षे शिकवल्याचा अनुभव लागतो, आणि ती कायमची वस्ती नव्हे. सुरुवातीला तीन वर्षे, फार तर पुढे दोन, मग परत यायचे. इंग्लंडने २०२३ मध्ये भारतासह काही देशांच्या शिक्षकांना तिथली शिक्षक-पात्रता मिळवण्याचा मार्ग सोपा केला, पण तो गणित, विज्ञान आणि परभाषा शिकवणाऱ्यांसाठी. इंग्रजीच्या शिक्षिकेने ती बातमी वाचून हुरळून जाऊ नये.

चौथे सर्वांत महत्त्वाचे. उशीर झालेल्या माणसाला घाई असते, आणि घाईतल्या माणसाला फसवणे सोपे असते. "जागा दोनच उरल्या, पैसे आज भरा" असे कोणी म्हणाले की उठून घरी यावे. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते आणि त्याची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. नाव तिथे नसेल तर त्याच्या कार्यालयातला गालिचा कितीही जाड असला तरी पायरी चढू नये. दागिना गहाण ठेवून तर मुळीच नाही.

आता कोणी म्हणेल, आमच्या घरात कोण परदेशी जाणार आहे? बरोबर आहे. पण बायांनो, हेच कागद पेन्शनला लागतात, घराच्या वारसाला लागतात, बँकेला लागतात, आणि ईश्वर न करो, एकटे पडण्याची वेळ आली तर सर्वांत आधी हेच लागतात. कोरिया हे माझे निमित्त झाले. तुमचे निमित्त दुसरे असेल.

म्हणून मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपण संक्रांतीला वाण लुटतो. डबे, गाळणी, प्लास्टिकच्या टोपल्या घरोघर पुष्कळ झाल्या आहेत. पुढच्या संक्रांतीला प्रत्येकीला एकेक जाड फाईल द्यावी आणि आत एक यादी घालावी. आणि वर्षातून एक दुपार 'कागदांची दुपार' म्हणून ठेवावी. ज्यांना अर्ज भरता येतात त्यांनी भरून द्यावेत, ज्यांना कार्यालये ठाऊक आहेत त्यांनी सोबत जावे. मी स्वतः येईन. नगरपालिकेतली विवाह नोंदणीची खिडकी मला आता तोंडपाठ आहे.

शेवटचे सांगते. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांची पेटी मी उघडली. तळाशी एका जुन्या रुमालात घडी केलेला एक कागद होता: त्यांचा चौथी पास झाल्याचा दाखला. पासष्ट वर्षे त्यांनी तो जपून ठेवला होता आणि कोणी कधी त्यांच्याकडे तो मागितला नाही. तो आता माझ्या फाईलमध्ये पहिला आहे.

 घरी गेल्यावर चहा ठेवण्यापूर्वी एकदा कपाट उघडा.